वाडगाभात : बरबटी, भाजलेलं कोहळं आणि पाण्याचा हिशोब

२८ नोव्हेंबर

काम ठरलं ते असं. वाडग्यात खाली मोकळा भात, त्यावर अख्खी शिजलेली बरबटी (चवळी), बाजूला भाजलेल्या भाज्या, वरून चटणी किंवा भुरका (गरम तेलात घातलेलं लसूण-तिखट). शहरात याला राईस बाऊल म्हणतात. आपल्याकडे गोळाभात, वडाभात आधीपासून आहेतच, तेव्हा भातावर डाळीचं काही ठेवून वरून कडकडीत फोडणी ओतण्यात नवल काही नाही. नवी आहे ती भाजी. रस्सा नाही, वाफवणं नाही, कोरडी भाजून कडा तांबूस करायची.

हाताशी जे आहे ते: एक बर्नरची गॅस शेगडी, अंगणातली चूल, १,२०० वॉटचा छोटा ओव्हन, ५ लिटरचा कुकर, जाड लोखंडी कढई आणि तवा. पाणी बोअरचं. तांदूळ घरच्या धानाचा, याच महिन्यात भरडून आणलेला एचएमटी वाणाचा. बरबटी किराणा दुकानातली, किती जुनी ते दुकानदारालाही सांगता येत नाही.

सुरुवातीचं माप, चार जणांसाठी: तांदूळ ३०० ग्रॅम, बरबटी २०० ग्रॅम, चिरलेली भाजी १ किलो.

३० नोव्हेंबर

पहिली खेप. जमली नाही, पण कुठे बिघडली ते नीट लिहून ठेवतो.

बरबटी ६ तास भिजवून कुकरला ३ शिट्ट्या. निम्मे दाणे फुटून पिठूळ, उरलेले दाताखाली कचकच. एकाच कुकरात दोन्ही प्रकार. भात १ वाटीला २ वाट्या पाणी या नेहमीच्या अंदाजाने कुकरातच लावला, त्याचा गोळा झाला. ओव्हनमध्ये ४० मिनिटं ठेवूनही फुलकोबी पांढरीच, कोहळं (लाल भोपळा) मऊ पण फिकट, आणि ट्रेच्या तळाशी अर्धी वाटी पाणी.

तिन्ही ठिकाणी तक्रार पाण्याचीच, पण प्रत्येक ठिकाणी वेगळी. बरबटीला पाणी चुकीचं मिळालं, भाताला जास्त झालं, भाजीचं बाहेर निघालं ते उडून गेलं नाही. एकेक वेगळं तपासायचं. तिन्हीत एकदम बदल केला तर कशामुळे सुधारलं ते कळत नाही.

२ डिसेंबर

आज फक्त बरबटी. एकाच पुडक्यातली ५० ग्रॅमची चार मापं, चार डब्यांत रात्रभर, म्हणजे १० तास भिजत:

पहिलं, बोअरचं पाणी जसंच्या तसं. दुसरं, बोअरचं पाणी आणि लिटरला १५ ग्रॅम मीठ. तिसरं, बोअरचं पाणी १५ मिनिटं खळखळ उकळून, रात्रभर निवत ठेवून वरचं निथळ काढलेलं. चौथं, गावातल्या आरओ मशीनच्या कॅनमधलं.

सकाळी चारही पाणी टाकून दाणे धुतले. मग जे पाणी भिजवायला तेच शिजवायला, फक्त दुसऱ्या डब्याला शिजवताना मीठ नाही. उघड्या गंजात (पातेल्यात), मंद उकळीवर.

आरओच्या पाण्यातली बरबटी ३० मिनिटांत बोटांत दाबली जाईल इतकी मऊ. उकळून निवळलेल्या पाण्यातली तिच्या ५–६ मिनिटं मागे. मिठात भिजवलेली ४० मिनिटांच्या आसपास, पण साली सगळ्यांत शाबूत याच डब्यात. साध्या बोअरच्या पाण्यातली तासाभरानेही एकसारखी नाही.

कारण असं. दाण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. जड पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधतो, म्हणून दाणा सुटत नाही. मिठातला सोडियम त्यांची जागा घेतो आणि साल लवचिक होते, त्यामुळे आतलं फुगलं तरी साल फाटत नाही. पाणी उकळल्यावर गंजाला जो पांढरा थर बसतो तो पाण्यातून बाहेर पडलेला चुनाच. तेवढा जडपणा कमी होतो. सगळा होत नाही, पण बरबटीला तेवढं पुरतं.

पाणी जड आहे का ते पाहायला प्रयोगशाळा नको. हातावर साबण घासून पाहा. फेस न येता दह्यासारखा चोथा जमला की पाणी जड.

सोड्याबद्दल: चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की काम पटकन होतं, हे खरं. पण ‘चिमूटभर’ म्हणणाऱ्याच्या हातावर सगळं आहे. भिजवायच्या १ लिटर पाण्याला पाव चमचा सपाट, त्याहून जास्त नाही. वर गेलं की दाण्याला साबणासारखी चव येते, साली सुटतात आणि ब जीवनसत्त्वातलं थायमिनही जातं. वरणाला चालेल, वाडग्याला नको. इथे दाणा अख्खा दिसायला पाहिजे.

ठरलं: मिठाच्या पाण्यात भिजवणं आणि उकळून निवळलेल्या पाण्यात शिजवणं. दोन्ही एकत्र.

३ डिसेंबर

ठरलेल्या पद्धतीने २०० ग्रॅम बरबटी कुकरमध्ये. पाणी दाण्याच्या वर दोन बोटं, १ शिट्टी, मग अगदी मंद आचेवर ५ मिनिटं, गॅस बंद. दोनदा केली. एकदा शिट्टी सराट्याने (उलथण्याने) उचलून वाफ काढली, एकदा कुकर आपोआप उतरू दिला.

वाफ काढलेल्या खेपेत बरेच दाणे फुटले. कुकरात पाणी १०० अंशांच्या वर तापलेलं असतं. दाब एकदम गेला की दाण्याच्या आतलं पाणी जागच्या जागी उकळतं आणि साल फोडून बाहेर येतं. घाई असेल तर बरबटी आदल्या रात्री शिजवावी, कुकरची घाई करू नये.

आणखी एक बारीक गोष्ट. कुकर उघडल्यावर दाणे लगेच चाळणीत ओतू नयेत. गरम दाण्याला हवा लागली की साल आक्रसून सुरकुतते आणि चिरते. अर्धा तास त्याच पाण्यात राहू द्यावेत. मग निथळावेत. २०० ग्रॅम कोरड्या बरबटीचे शिजून साधारण ४८० ग्रॅम होतात. निथळलेलं पाणी वरणात किंवा भाकरीच्या पिठात जातं, फेकायचं नाही.

टमाटर, चिंच, लिंबू दाणा पूर्ण शिजल्यावरच. आंबट आधी पडलं तर दाणा तिथेच अडतो, मग कितीही शिट्ट्या करा.

६ डिसेंबर

भात. एचएमटी आपल्याच चंद्रपूर जिल्ह्याचा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये पटेल-३ या धानाच्या बांधीत (शेतात) वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या सापडल्या, त्या वेगळ्या राखून त्यांनी हे वाण निवडत आणलं. नाव पडलं ते त्या काळी चालणाऱ्या एचएमटी घड्याळावरून. दाणा बारीक, आखूड, शिजून मऊ. वाडग्यासाठी चांगला, पण नवा असला तर सांभाळावा लागतो.

नव्या तांदळाचा भात चिकट होतो हे सगळ्यांना ठाऊक. तरी पाणी मात्र जुन्याच मापाने घातलं जातं. तांदूळ जुना होताना दाणा घट्ट होत जातो, पाणी जास्त पितो आणि पीठ कमी सोडतो. नव्याचं उलट: पाणी कमी लागतं, पीठ लवकर बाहेर येतं.

आजच्या तीन खेपा, प्रत्येकी १०० ग्रॅम, तिन्ही २० मिनिटं भिजवून निथळलेल्या. पाणी १४०, १६० आणि २०० मिली. १४० ला मधला दाणा किंचित कणीदार, २०० ला चिखल, १६० ला बरोबर. म्हणजे ३०० ग्रॅम नव्या एचएमटीला ४८० मिली पाणी. वर्षभर जुन्या तांदळाला याच पद्धतीने ६०० मिली लागेल.

पद्धत: तीनदा धुणं. पहिलं पाणी दुधासारखं, तिसरं धुकट. त्यापुढे धुण्यात अर्थ नाही. जाड बुडाच्या गंजात पाणी उकळलं की तांदूळ, १ चमचा तेल, अर्धा चमचा मीठ. पुन्हा उकळी आली की आच एकदम मंद, घट्ट झाकण, ११ मिनिटं. मधे उघडायचं नाही. मग उतरवून झाकणाखाली कोरडं सुती फडकं घालून १० मिनिटं. फडकं कशाला? झाकणाला लागलेले थेंब वरच्या थरावर टपकतात आणि तेवढाच थर गिचगिचीत होतो. फडकं ते पिऊन घेतं.

शेवटी परातीत पसरणं. सराट्याच्या कडेने, खालून वर. डावाने दाबून उचलला की झालेलं सगळं काम वाया.

कुकरातला नवा भात वाडग्याला जमत नाही. वरण-भाताला उत्तम.

चिन्नोर हा सुगंधी तांदूळ वापरून पाहावा का, असा विचार आला होता. पाहिला नाही. त्याचा सुगंध जवस आणि लसणाखाली झाकला जाणार. तो खिरीला ठेवावा.

१० डिसेंबर

ओव्हन.

कागदावर सोपं आहे: २२० अंश, २५ मिनिटं. आपल्याकडे संध्याकाळी दिवा पिवळा पडतो तेव्हा हे गणित चालत नाही. मीटरने मोजलं तर १८० व्होल्ट. ओव्हनच्या कांडीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० च्या जागी १८० म्हणजे व्होल्टेज पाचव्या हिश्श्याने कमी, पण उष्णता जवळपास ४० टक्क्यांनी कमी. १,२०० वॉटचा ओव्हन ७३५ वॉटचा होऊन बसतो. बटण २२० वर असतं, आत तेवढं होत नाही.

भाजी तांबूस व्हायला पृष्ठभाग १४० अंशांच्या वर जावा लागतो. वर पाणी असेपर्यंत तो १०० च्या पुढे सरकत नाही. उष्णता कमी पडली की पाणी जितक्या वेगाने सुटतं तितक्या वेगाने उडत नाही. ते ट्रेमध्ये साचतं आणि भाजी त्यात वाफवली जाते. ३० नोव्हेंबरच्या अर्ध्या वाटी पाण्याचं कारण हेच. शिवाय १ किलो भाजी एकाच ट्रेवर कोंबली होती.

उपाय तपासले:

दुपारी, व्होल्टेज २१५–२२० असताना, २० मिनिटं आधी तापवून, ट्रेवर ४०० ग्रॅमच भाजी, तुकड्यांमध्ये बोटभर जागा. फुलकोबी २४ मिनिटांत, कोहळं २८ मिनिटांत उत्तम. दार मधे एकदाच उघडलं, ट्रे फिरवायला.

स्टॅबिलायझरचा सल्ला बरेच जण देतात. फ्रिजचा छोटा चालणार नाही, एवढ्या भाराला निदान २ केव्हीएचा लागतो. भाजीसाठी एवढा खर्च करण्यापेक्षा चूल बरी.

१४ डिसेंबर

चूल. यातच जास्त वेळ गेला आणि गेला ते बरं झालं.

जळण आधी. तुराट्या भडकन पेटतात, ज्वाळा मोठी, पण निखारा टिकत नाही. तवा एका ठिकाणी करपतो, दुसरीकडे थंड. तुराट्या फक्त पेटवायला. पऱ्हाट्यांचा आर (निखारा) बरा पडतो, पण कपाशीवर हंगामभर फवारे झालेले असतात, म्हणून वांगं किंवा टमाटर थेट त्या निखाऱ्यात घालायचं नाही. तव्याखाली चालेल. बाभळीचं वाळलेलं लाकूड सगळ्यांत चांगलं. पाऊण तासाने लालबुंद निखारा पडतो आणि तासभर एकसारखी आच देतो.

लोखंडी कढई रिकामी तापवायची. पाण्याचा थेंब टाकला की चर्रर्र होऊन जागीच आटला तर अजून थांबा. गोळी होऊन पळायला लागला की कढई तयार. तेल कढईत ओतायचं नाही, भाजीला चोळायचं. १ किलो भाजीला ३ मोठे चमचे. कढईत ओतलेलं तेल भाजी पडायच्या आधीच धुरावतं, आणि घाण्याचं फल्लीतेल (शेंगदाण्याचं) रिफाइंड सोयाबीनपेक्षा लवकर धुरावतं. धुरावलेल्या तेलाची कडू चव कोहळ्याच्या गोडीखालीसुद्धा लपत नाही.

भाजी एका थरात. झाकण नाही. आणि पहिली ४ मिनिटं सराटा लावायचा नाही. हात आवरत नाही, हीच अडचण. भाजी फोडणीला टाकली की परतायची, ही सवय अंगात मुरलेली. पण सारखी हलवलेली भाजी प्रत्येक वेळी नवी ओली बाजू तव्याला लावते आणि कुठलीच बाजू तांबूस होत नाही. चिकटली असेल तर ओढू नका. तांबूस थर धरला की ती आपोआप सुटते.

कढईतून आवाज ऐकावा. चरचर म्हणजे पाणी उडतंय. खदखद ऐकू आली की भाजी जास्त झाली किंवा आच पडली. लगेच निम्मी काढून घ्या.

१९ डिसेंबर

एकेका भाजीच्या नोंदी. सगळ्यांना एक वेळ देता येत नाही, हे आज पक्कं.

कोहळं: पिकलेलं, देठ वाळून लाकडासारखा झालेला. साल ठेवायची, नाहीतर तुकडा कढईत भुगा होतो. अडीच सेंमीचे चौकोन. कढईत १४ मिनिटं. कोवळ्या कोहळ्यात पाणी फार, ते भाजीलाच बरं.

फुलकोबी: किड्यांसाठी मिठाच्या कोमट पाण्यात बुडवतो, ते ठीक. पण तुऱ्यांच्या आत पाणी अडकतं आणि ते वरून पुसून निघत नाही. तुरे खाली डोकं करून फडक्यावर निदान एक तास ठेवले तेव्हाच भाजले गेले. थंडीत आदल्या रात्री धुवून टोपलीत ठेवणं सगळ्यांत सोपं. प्रत्येक तुरा मधोमध कापायचा, म्हणजे एक सपाट बाजू तव्याला पूर्ण टेकते. १० ते १२ मिनिटं.

वांगं: हा स्पंज आहे. तेल घालाल तेवढं पितो आणि नंतर ओकतो. दोन सेंमी जाड चकत्या, अर्धा चमचा मीठ लावून २० मिनिटं, मग फडक्यात दाबून पाणी काढायचं. मीठ लावल्याने आतल्या पोकळ्या बसतात आणि तेल निम्म्यावर येतं. किंवा सरळ भरताचं वांगं निखाऱ्यात, सुरीने चार-पाच ठिकाणी टोचून. टोचलं नाही तर फुटतं आणि गर राखेत जातो.

आलू: कच्चे कढईत घातले तर बाहेर काळे, आत कच्चे. फोडी करून ६ मिनिटं मीठपाण्यात उकळा, निथळा, गंजातच हलवून कडा खरबरीत करा, मग भाजा. या खरबरीत कडाच कुरकुरीत होतात.

रताळं: साखर जास्त, म्हणून कोहळ्याच्या आधी करपतं. मधल्या आचेवर, वेगळं.

कांदा: चार फाकी, बुडखा न कापता. बुडखा कापला की पाकळ्या सुटून जळतात.

टमाटर: ट्रेवर किंवा कढईत इतर भाजीबरोबर कधीच नाही. एक टमाटर सगळ्या भाजीचं वाफवणं करून ठेवतं. निखाऱ्यावर अख्खी भाजून साल काढायची आणि बरबटीच्या फोडणीत घालायची.

मीठ वांगं सोडून सगळ्यांना भाजून झाल्यावर, गरम असताना. आधी घातलं की पाणी सुटतं. तिखट आणि हळद शेवटची २ मिनिटं, नाहीतर काळी आणि कडू. वायगावची हळद असेल तर पाव चमचा पुरे, रंग खूप चढतो.

१ किलो चिरलेली भाजी भाजून ६०० ग्रॅमच्या आसपास राहिली. ७५० राहिली असेल तर ती भाजलेली नाही, वाफवलेली आहे. काट्यावर ठेवून पाहा, डोळ्यांपेक्षा काटा लवकर सांगतो.

२३ डिसेंबर

राजमा. बरबटीऐवजी करायला हरकत नाही, पण ही नोंद नीट वाचावी.

लाल राजम्याच्या कच्च्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचा विषारी घटक असतो. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या आणि जुलाब लागू शकतात. भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात खळखळ उकळल्यावर तो नष्ट होतो. उकळी निदान १० मिनिटं, आम्ही ३० धरतो. धोका आहे तो मंद आचेचा. ८० अंशांच्या आसपास तासन्‌तास ठेवलेला राजमा मऊ लागतो, खाल्ला जातो, पण विष तसंच राहतं, उलट वाढूही शकतं. म्हणून रात्री निखाऱ्यावर गंज ठेवून झोपायचं आणि सकाळी तयार, हे राजम्याच्या बाबतीत बंद. पानगे-रोडगे भाजून उरलेल्या विस्तवावर तर नाहीच.

कुकर सुरक्षित: १२ तास भिजवून, पाणी बदलून, ५ शिट्ट्या आणि मंद आचेवर १० मिनिटं. बोअरच्या पाण्याची अडचण इथे बरबटीपेक्षा जास्त जाणवते. दाणा दाबून पाहताना एक नाही, पाच दाबा. कच्चा असतो तो एखादाच, आणि तो हमखास न दाबलेल्यांत असतो.

२७ डिसेंबर

बरबटीची फोडणी आणि वरचं.

एक मोठा चमचा तेल, जिरं, ठेचलेला लसूण ६ पाकळ्या, भाजून सोललेली २ टमाटर, अर्धा चमचा तिखट. तेल सुटलं की निथळलेली बरबटी, मीठ. ५ मिनिटं. सराटा फिरवल्यावर तळाशी पाणी साचायला नको. साचलं तर ते भातात उतरतं आणि खालचा भात खिचडी होतो.

जवसाची चटणी: जवस १०० ग्रॅम, कोरड्या कढईत मंद आचेवर, तडतड थांबेपर्यंत. सुक्या भिवापुरी मिरच्या ६, लसूण ८ पाकळ्या, जिरं १ चमचा, मीठ. गार करून कुटायचं. गरम असताना मिक्सरला लावलं तर तेल सुटून लगदा होतो.

ही चटणी दह्यात कालवून वरून घालावी असं ठरलं होतं. चव झकास, पण १० मिनिटांत दही लिबलिबीत होऊन चमच्याला तार धरू लागलं. जवसाच्या सालीत पाणी धरणारा चिकट पदार्थ असतो, तो फुगतो. आता दही वेगळं, चटणी कोरडी, एकत्र फक्त ताटात. जवसाचं कच्चं तेल वापरायचं तर छोटी बाटली, थंड जागी. ते लवकर खवट होतं, आणि तापवायचं तर नाहीच.

भुरका: २ मोठे चमचे तेल, लसूण बारीक, तीळ १ चमचा, जिरं. लसूण कडेला तांबूस झाला की गॅस बंद, दहापर्यंत मोजा, मग दीड चमचा तिखट. मोजायचं विसरलं की तिखट जळतं आणि घरभर ठसका.

३ जानेवारी

पूर्ण मांडणी, वेळेसकट. जेवण १२:३० ला धरून:

आदल्या रात्री ९ वाजता बरबटी मिठाच्या पाण्यात, बोअरचं पाणी उकळून झाकून, फुलकोबी धुवून उलटी. सकाळी १०:१५ ला कुकर, त्याच वेळी चूल पेटवायची. ११:०० ला निखारा तयार, कढई तापत. ११:१० ते १२:०० तीन खेपांत भाजी: आधी कोहळं, मग फुलकोबी, शेवटी कांदा. झालेली भाजी परातीत एका थरात, झाकायची नाही. झाकली की स्वतःच्याच वाफेत परत मऊ. ११:३० ला तांदूळ भिजत, ११:५० ला गॅसवर, १२:१२ ला परातीत. मधे बरबटीची फोडणी चुलीच्या कडेला.

वाडगा: भात २०० ग्रॅम, बरबटी १२० ग्रॅम, भाजी १५० ग्रॅम. भाजी बरबटीवर नाही, भाताच्या अंगाला. वरून भुरका १ चमचा, जवस चटणी १ चमचा, चिरलेला सांबार (कोथिंबीर), कच्चा कांदा, लिंबाची फोड. दही बाजूला.

भातात लायसिन हा प्रथिनाचा घटक कमी आणि कडधान्यात भरपूर, म्हणून ही जोडी पोटालाही पुरी पडते. पण बरबटी १२० च्या खाली नेली तर नुसता भातच खाल्ल्यासारखं होतं.

८ जानेवारी

शेतावर डब्यात नेऊन पाहिला. गरम भात डब्यात भरून झाकण लावलं, दुपारी उघडला तर झाकणाला थेंब आणि भाजीची कुरकुर संपलेली. भाजीला वेगळी डबी, तीही पूर्ण निवाल्यावर.

शिजवलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू जिवंत राहतात. भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष परत गरम केल्याने जात नाही. म्हणून एक तर वाफाळता भात वाफ धरणाऱ्या डब्यात, नाहीतर परातीत पसरून लवकर गार करून भरलेला, आणि ४ तासांच्या आत संपवलेला. जानेवारीत हे जमतं. एप्रिल-मेच्या उन्हात वाडगाभात शेतावर न्यायचाच नाही, तिथे भाकर आणि ठेसा बरा.

१३ जानेवारी

बाजारात पोपटाच्या (वालाच्या प्रकारातल्या) शेंगा आणि ओल्या तुरी आल्या आहेत, तेव्हा वाळल्या दाण्यांना काही दिवस सुट्टी. भिजवणं नाही, पाण्याचं लफडंही कमी. पोपटाचे दाणे उकळत्या मीठपाण्यात १५ मिनिटं, तुरीचे सोले १२. दोन्ही नीट शिजवूनच, कच्चे नको. निथळून तव्यावर तेलाच्या थेंबावर ३ मिनिटं, म्हणजे साल किंचित फुटते आणि लसूण-मीठ आत जातं. सोले आणि भाजलेलं वांगं ही जोडी सोलेवांग्यातून सगळ्यांना माहीत आहेच, वाडग्यातही तीच सगळ्यांत आधी संपली. उद्या संक्रांत, म्हणून भुरक्यात तीळ दुप्पट.

२१ जानेवारी

ज्यांच्या घरी चूल-ओव्हन नाही त्यांच्यासाठी एकाच बर्नरवर करून पाहिलं. क्रम उलटा: आधी बरबटी, मग भात, भात फडक्याखाली मुरत असताना त्याच शेगडीवर लोखंडी तवा. भाजी निम्मी, म्हणजे ५०० ग्रॅम, तीही दोन खेपांत, आणि फक्त फुलकोबी व कांदा. कोहळं तव्यावर एका बर्नरला फार वेळ खातं. एकूण १ तास २० मिनिटं. चवीत धुराचा वास नाही, बाकी फरक कमी.

नॉनस्टिक तव्यावर केलं तर आच मधलीच ठेवावी लागते, रिकामा कडकडीत तापवता येत नाही, त्यामुळे रंग चढत नाही. लोखंडी तवा नसेल तर भाकरीचा जुना बिडाचा तवा शोधा, बहुतेक घरात माळ्यावर असतोच. गंजला असेल तर विटकरीच्या भुकटीने घासून, वाळवून, तेलाचा हात फिरवून धूर निघेपर्यंत दोनदा तापवला की चालतो.

फेब्रुवारीत हरभऱ्याचे ओले दाणे येतील. ते निखाऱ्यावर शेंगेसकट भाजून मग सोलायचे, की सोलून तव्यावर, हे तेव्हा दोन्ही करून इथेच लिहू. बरबटीचा नवा पुडा आणला आहे, त्यातले ५० ग्रॅम आज रात्री भिजत घातले. जुन्यापेक्षा किती मिनिटं आधी शिजते ते उद्या सकाळी मोजायचं आहे.